बुटीक बास घ्यायचाय? आधी अँप बंद ठेवा

तीन-चार लाखांचा किंवा त्याच्याही वरचा हातानं बनवलेला बास गिटार, म्हणजे बुटीक बास, घ्यायचा म्हटलं की आपण काय करतो, फोटो झूम करकरून बघतो, युट्यूबवर कोणीतरी भन्नाट स्लॅप वाजवत असतो ते परत परत ऐकतो आणि मग एकदम पैसे कसे उभे करायचे ह्या विषयावर येतो. पण फोटोत नेक पिळलाय का हे दिसत नाही, आणि व्हिडिओत ऐकू येतो तो वाजवणाऱ्याचा हात, कॉम्प्रेसर आणि तुमचे स्वतःचे हेडफोन. म्हणून असा बास हातात आल्यावर काय तपासायचं, कुठल्या क्रमानं तपासायचं आणि पैसे नेमके कशाचे द्यायचे हे एकदा नीट लिहून काढतोय. तुम्ही बास वाजवता, फ्रेट, पिकअप, ट्रस रॉड हे शब्द तुम्हाला माहिती आहेत असं धरून चाललोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बुटीक बासचे पैसे मुख्यतः नेकचे आणि फ्रेटवर्कचे असतात. पाच तारांचा असेल तर त्याच्या खालोखाल लो बी, म्हणजे सगळ्यात जाड, तारेचे. पिकअप आणि प्रीअँपचे (बासच्या आतलं, बॅटरीवर चालणारं आवाज घडवणारं सर्किट) थोडेच, कारण बार्टोलिनी, नॉर्डस्ट्रँड, अ‍ॅग्विलार वगैरे कंपन्यांचे सगळे सुटे विकत मिळतात आणि तुमच्या आत्ताच्या बासमध्येही बसू शकतात. आणि बॉडीवरच्या त्या नक्षीदार बर्लच्या (गाठीच्या लाकडाच्या) फळीचे पैसे म्हणजे दिसण्याचे पैसे. ते द्यायला काहीच हरकत नाही, मलाही आवडतात तसे टॉप, फक्त तो खर्च आवाजाच्या खात्यात मांडू नका.

आता बुटीक बासमध्ये ढोबळ दोन घराणी आहेत. पहिलं घराणं म्हणजे लिओ फेंडरनं १९५१ला प्रिसिजन आणि १९६०ला जॅझ बास काढला, तेच वाद्य घेऊन ते जास्त काळजीनं बनवणारे. न्यूयॉर्कचा रॉजर सॅडोस्की ह्यातलं मोठं नाव, १९७९ला त्यानं स्वतःचं दुकान टाकलं, बासवादक मार्कस मिलरच्या जॅझ बासवर काम केलं, आणि जॅझ बास अधिक आत बसवलेला प्रीअँप हा आवाज पुढे न्यूयॉर्कच्या स्टुडिओत सगळ्यांना हवा झाला. दुसरं घराणं वाद्याचाच नव्यानं विचार करणाऱ्यांचं. कॅलिफोर्नियाच्या अलेम्बिकनं १९७२ला बासवादक जॅक कॅसडीसाठी बास बनवला, वेगवेगळ्या लाकडांच्या पट्ट्या चिकटवून केलेला नेक, आत अ‍ॅक्टिव्ह सर्किट, त्या काळी हे फारसं कोणी करत नव्हतं. मग स्टॅनली क्लार्कनं अलेम्बिकच्या शॉर्ट स्केल, म्हणजे कमी लांबीच्या तारांच्या, बासवर बासलाच स्टेजच्या पुढे आणून उभं केलं. अँथनी जॅक्सननं १९७५ला कार्ल थॉम्पसनकडून सहा तारांचा बास बनवून घेतला, त्याचे पुढचे सहा तारांचे बास केन स्मिथ आणि नंतर फोडेराकडून आले. फोडेरा म्हणजे विनी फोडेरा आणि जोई लॉरिसेला, १९८३, ब्रुकलिन.

ह्यातलं तुम्हाला कुठलं हवंय ते आधी ठरवा, कारण एकाची अपेक्षा दुसऱ्याकडून केली की पैसे वाया. पहिल्या घराण्याचा बास कानाला ओळखीचा असतो, ड्रमच्या खाली पटकन जागा घेतो, स्टुडिओवाला खूश असतो. दुसऱ्याचा आवाज स्वच्छ, लांब टिकणारा, वरच्या फ्रेटवर कॉर्ड धरल्या तरी प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येणारा, पण तोच स्वच्छपणा गच्च बँडमध्ये कधीकधी पातळ वाटतो आणि मग तुम्ही बास नॉब फिरवत बसता.

बघायला जाताना बरोबर काय न्यायचं तर एक व्हिजिटिंग कार्ड, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, स्वतःचा पट्टा, स्वतःची केबल, आणि शक्य असेल तर स्वतःचा आत्ताचा बास. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुलनेला काही नसलं की महागडी प्रत्येक गोष्ट चांगलीच वाटते.

हातात बास आला की केबल लावू नका. आधी सुरात लावा, मग शांत खोलीत नुसताच वाजवा. तार छेडल्यावर नेकच्या मागच्या बाजूला तळव्याला थरथर जाणवते का, स्वर लगेच उठतो की फुगत फुगत येतो, एका तारेचा आवाज बाकीच्यांपेक्षा दबका आहे का. इथे एक सावधगिरी, दुकानात वर्षभर टांगलेल्या बासच्या तारा मेलेल्या असतात, त्यावरून निकाल देऊ नका, नवीन तारा घालून द्या म्हणून सांगा आणि त्याचे पैसे लागले तर द्या. लाखांच्या व्यवहारात तारांच्या सेटवरून घासाघीस करणारे लोक मी बघितलेत, काय बोलणार.

मग नेक. हेडस्टॉकच्या बाजूनं एक डोळा मिटून नेकच्या कडेवरून ब्रिजकडे बघा, दोन्ही कडा आळीपाळीनं. हलका, एकसारखा, आत गेलेला बाक असेल तर उत्तम, ती रिलीफ. पण एका बाजूची कड सरळ आणि दुसरीला बाक दिसला तर नेक पिळलाय, आणि पिळलेला नेक ट्रस रॉडनं सरळ होत नाही, तिथेच नमस्कार करून निघा. रिलीफ मोजायला पहिला फ्रेट एका हाताच्या बोटानं दाबा, नेक बॉडीला मिळतो तिथला फ्रेट दुसऱ्या हातानं, आणि मधोमध सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट ह्यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकतंय का बघायला मित्राला सांगा. साधारण ०.३ मिलिमीटर ही चांगली जागा. त्यापेक्षा खूप जास्त असेल तर विचारा की रॉड अजून किती फिरतो, आणि समोर फिरवून दाखवायला सांगा. सेकंडहँड बासमध्ये तर हे विचारायलाच हवं, कारण रॉड शेवटपर्यंत आवळून झालेला असेल तर तो बास कितीही सुंदर असो, पुढे काही करायला जागाच उरलेली नाही.

अ‍ॅक्शन म्हणजे तारेची उंची बाराव्या फ्रेटवर पट्टीनं मोजा. जाड तारेखाली २ ते २.५ मिलिमीटर, बारीक तारेखाली १.५ ते २, ही बहुतेकांना चालणारी मापं. कारखान्यातल्या स्वस्त बासवरसुद्धा अ‍ॅक्शन खाली आणता येते, प्रश्न असा की ती खाली आणल्यावर किती फ्रेट खरखरतात. चांगल्या लुथियरच्या, म्हणजे हातानं वाद्य बनवणाऱ्या कारागिराच्या, बासवर दीड मिलिमीटरला नेलं तरी नॉर्मल जोरात वाजवताना प्रत्येक स्वर साफ येतो, कारण सगळे फ्रेट एका पातळीत घासलेले असतात आणि फळी (फिंगरबोर्ड) त्याआधीच नीट सपाट केलेली असते. हल्ली बरेच जण हे काम प्लेक नावाच्या जर्मन मशीनवर करून घेतात, संगणकानं मोजून फ्रेट घासले जातात, त्यामुळे "पूर्ण हातानं" असं कोणी अभिमानानं सांगितलं तर मी फार प्रभावित होत नाही. मला फ्रेट सपाट हवेत, कोणी घासले ह्याच्याशी मला काय.

म्हणून प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा. हो, प्रत्येक. चोवीस फ्रेटचा पाच तारांचा बास म्हणजे एकशे वीस स्वर, मोजून काही मिनिटांचं काम, पण नव्वद टक्के गिऱ्हाईक करत नाही असा माझा अंदाज आहे कारण दुकानात लाज वाटते. प्रत्येक स्वर सारखाच वेळ धरून ठेवा आणि ऐका की कुठला लवकर मरतो. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास असा मेलेला स्वर सापडायची शक्यता जास्त, विशेषतः बोल्ट-ऑन, म्हणजे स्क्रूनं जोडलेल्या, नेकच्या फेंडर छापाच्या बासवर. कारण असं की नेकची स्वतःची एक कंपनसंख्या असते, एखादा स्वर नेमका तिच्याशी जुळला की तारेतली ऊर्जा नेक पिऊन टाकतो आणि आवाज बसतो. हेडस्टॉकवर क्लॅम्प लावून वजन वाढवलं तर ती जागा सरकते, म्हणजे मेलेला स्वर दुसरीकडे जातो, पूर्ण जाईलच असं नाही. महाग बासवर डेड स्पॉट, म्हणजे असा मेलेला स्वर, नसतोच असा गैरसमज नको. मात्र अनेक पट्ट्यांचा आणि आत ग्राफाइटच्या सळ्या घातलेला कडक नेक असेल तर तो सौम्य असतो किंवा अशा ठिकाणी असतो जिथे त्रास होत नाही, आणि जास्तीचे पैसे मोजताना तुम्ही नेमकं हेच विकत घेत असता.

आता लो बी. ह्यावर जरा जास्त बोलतो कारण पाच तारांच्या बासमध्ये स्वस्त आणि महाग ह्यातला फरक सगळ्यात उघडा इथेच पडतो. चार तारांच्या बासची सगळ्यात खालची ई साधारण ४१ हर्ट्झची, लो बी जवळपास ३१ हर्ट्झची. एवढ्या खालच्या सुराला तार जाड लागते, १२५ ते १३५ गेजची, आणि लांबी मात्र तीच, मग ती ढिली वाटते, सूर अस्पष्ट येतो, नुसता भद्द आवाज. उपाय म्हणून कोणी ३४ इंचाऐवजी ३५ इंच स्केल करतं, मायकेल टोबियसचे बास ३५ इंची म्हणूनच ओळखले जातात. कॅनडाच्या डिंगवॉलनं फ्रेटच तिरके पंख्यासारखे लावले, बी तारेला ३७ इंच आणि जी तारेला ३४, आणि त्यांची बी वाजवली की क्षणभर पियानोच आठवतो. पण फक्त लांबीवर जाऊ नका. सॅडोस्कीचा पाच तारांचा बास ३४ इंचीच असतो आणि त्याची बी भक्कम वाजते. नेकचा कडकपणा, नेक-बॉडीचा जोड घट्ट आहे की नाही, नटमध्ये (हेडस्टॉकजवळच्या खाचांच्या पट्टीत) तार नीट बसलीये का, ही सगळी बेरीज आहे.

तपासायची पद्धत सोपी. बी तारेचा पाचवा फ्रेट आणि मोकळी ई, एकच सूर. दोन्ही आलटून पालटून वाजवा. जोर सारखा, स्वभाव सारखा वाटला तर बी चांगली. बी तारेवरचा तोच सूर गोणपाटात गुंडाळल्यासारखा आला तर नाही. मग बी तारेवरच वरवर चढत जा, सातवा, नववा, बारावा. बऱ्याच बासची बी खाली ठीक असते आणि सातव्याच्या वर बोंब. हेही अँपशिवाय करा आणि नंतर अँप लावून परत करा.

आता शरीराला कसा लागतो ते. स्वतःचा पट्टा लावा, उभे राहा, दोन्ही हात सोडून द्या. हेडस्टॉक जमिनीकडे चालला तर तो नेक डाइव्ह, आणि तो सहन करत वाजवलं की डावा खांदा आणि मनगट दोन्ही दुखतात. वरचं शिंग बाराव्या फ्रेटच्या आसपास पोचत असेल तर बहुधा तोल बरा असतो, हलके ट्यूनर असतील तर अजून बरा. वजन चार किलोच्या आत असेल तर सुख, साडेचारच्या वर गेलं तर लग्नाच्या सीझनमध्ये ऑर्केस्ट्राला चार-पाच तास उभं राहून वाजवणाऱ्यानं दहादा विचार करावा. हलक्यासाठी बरेच लुथियर बॉडी आतून पोकळ करतात, त्यात वाईट काही नाही. तारांमधलं अंतर मात्र बघाच. ब्रिजपाशी १९ मिलिमीटर म्हणजे चार तारांच्या फेंडरसारखं, स्लॅपला मोकळं. १६.५-१७ म्हणजे बोटांनी वाजवणाऱ्याला आरामाचं पण अंगठा अडखळणार. हा सवयीचा भाग आहे, ह्यात बरोबर-चूक नाही, पण ऑर्डर देऊन झाल्यावर बदलता येत नाही.

एवढं झाल्यावर अँप. सगळे नॉब मध्यावर, अँपचा इक्यू सपाट, इफेक्ट बंद. प्रीअँप असेल तर पॅसिव्हचं, म्हणजे प्रीअँप वगळून वाजवायचं, बटण आहे का बघा आणि अ‍ॅक्टिव्ह सपाट ठेवून पॅसिव्हशी तुलना करा. आवाजाची पातळी थोडी बदलेल, पण पॅसिव्हमध्ये बास एकदम मरगळला तर समजा की आवाज सगळा प्रीअँप काढतोय आणि बास स्वतः काही फार बोलत नाही. मला तर पॅसिव्हमध्ये आवडलेला बासच घ्यावासा वाटतो, गिगच्या मधेच नऊ व्होल्टची बॅटरी गेली तरी काम चालू राहतं, आणि पॅसिव्हला टोन नॉब चालतो का तेही बघून ठेवा. ट्रेबल पूर्ण वर करून हिस किती येतो ते ऐका. मग एकच पिकअप चालू ठेवून उभे राहा आणि हम, म्हणजे विजेची घुरघुर, ऐका. जॅझ बासचे दोन सिंगल कॉइल पिकअप दोन्ही पूर्ण चालू असताना हम कापतात, एक कमी केला की सुरू. आपल्याकडच्या मांडवात आणि जुन्या हॉलमध्ये अर्थिंगचा जो आनंद असतो तो बघता हम-कॅन्सलिंग पिकअपला मी स्वतः थोडे जास्त पैसे देईन, स्टुडिओत बसून वाजवणाऱ्यानं नाही दिले तरी चालतील.

लाकडाचं काय? हा वाद संपणारा नाही. मॅग्नेटिक पिकअपला फक्त तारेची हालचाल कळते, लाकूड त्या हालचालीवर जेवढा परिणाम करतं तेवढाच आवाजात येतो, आणि माझ्या कानाला तो परिणाम बॉडीपेक्षा नेकचा जास्त वाटतो. अल्डर की अ‍ॅश ह्यावर दोन लाख जास्त मागणाऱ्याला मी हसून टाळतो. अ‍ॅश महाग व्हायला वेगळंच कारण आहे, अमेरिकेत एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाच्या किड्यानं अ‍ॅशची झाडं संपवत आणलीत, फेंडरनंही २०२०ला अ‍ॅशचा वापर बराच कमी करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे दुर्मीळ आहे म्हणून महाग, वाजतं चांगलं म्हणून नाही. आणि गंमत म्हणजे जगभरच्या कित्येक बासवरची रोझवूडची फळी म्हणजे आपली शिसवी, दक्षिणेतून आणि सह्याद्रीच्या पट्ट्यातून जाणारी. २०१७च्या जानेवारीपासून रोझवूडची सगळी जात साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आली तेव्हा वाद्यं इकडून तिकडे पाठवायलाही कागद लागायला लागले, २०१९च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवूड मात्र अजूनही सगळ्यात कडक यादीत आहे, १९९२पासून. त्यामुळे बाहेरून जुना बास मागवत असाल आणि विकणारा कौतुकानं "ब्राझिलियन फळी" म्हणत असेल तर आधी कागदपत्रं मागा, नाहीतर कस्टममध्ये वाद्य अडकेल.

अजून एक काम घरी करायचं. शक्य असेल तर बास उसना आणा किंवा दुकानातच इंटरफेसवर रेकॉर्ड करा. एकच साधी ओळ, रूट आणि पाचवा, तुमच्या जुन्या बासवर आणि नव्यावर, दोन्हीची पातळी सारखी करून ड्रम आणि गिटारच्या ट्रॅकखाली टाका, आणि दुसऱ्या कोणाला तरी न सांगता ऐकवा. एकट्यानं वाजवताना मोठा वाटणारा आवाज मिक्समध्ये गायब होणं आणि साधा प्रिसिजन मात्र ठाम उभा राहणं हे फार वेळा होतं. त्याआधी जुन्या बासवर काही हजार खर्च करून फ्रेट लेव्हल आणि सेटअप करून घ्या, तुलना प्रामाणिक होईल. कधीकधी शोध तिथेच संपतो आणि लाखो रुपये वाचतात.

आता किंमत. फोडेराचा कस्टम बास दहा हजार डॉलरच्या वर सहज जातो, त्यावर जहाजी किंवा विमान खर्च, आयात शुल्क, जीएसटी, आणि हे सगळं आधी कस्टम ब्रोकरकडून लिहून घ्या, मनात अंदाज धरू नका. सेकंडहँड हा माझा सल्ला, कारण बासचा पहिला मालक सगळ्यात मोठा तोटा सोसतो. मोठ्या नावाचे, साध्या मापाचे, चार-पाच तारांचे बास परत विकले जातात. तुमच्या नावाचं शिंपल्याचं इनले, सात तारा, डावखुरा, जांभळा टॉप, असलं काही असेल तर गिऱ्हाईक शोधायला वर्ष जाईल. बासवादक व्हिक्टर वूटनचा गाजलेला बास कुठला, तर १९८३चा चार तारांचा फोडेरा मोनार्क. सेकंडहँड घेताना सिरियल नंबर बनवणाऱ्याला ईमेल करा, ही छोटी दुकानं असतात, त्यांच्याकडे नोंदी असतात आणि बऱ्याचदा स्वतःच उत्तर देतात, मूळ पिकअप कुठले होते, प्रीअँप बदललाय का ते कळतं.

नवीनच ऑर्डर करायचा असेल तर लुथियर तुम्हाला काय विचारतो त्यावर लक्ष ठेवा. मिरजेत तंबोरा करायला टाकला की कारागीर आधी विचारतो कोण गाणार, पट्टी कुठली, जवारी कशी हवी. बासवाल्यानंही तसंच विचारलं पाहिजे, बोटांनी की पिकनं, तारा कुठल्या गेजच्या, ट्यूनिंग काय, हात केवढे, आत्ता कुठला बास वाजवता आणि त्यात काय खटकतं. जो पहिल्याच मेलमध्ये लाकडांची यादी आणि रंगांचे फोटो पाठवतो त्याच्याकडे मी जाणार नाही. अ‍ॅडव्हान्स किती, परत मिळतो का, उशीर झाला तर काय, आणि भारतात पोचल्यावर नेक हलला तर कोण बघणार, हे ईमेलमध्ये लेखी घ्या. फोनवरचं गोड बोलणं धरू नका.

आणि नेक हलणारच. कोरड्या हवेतून आलेला बास जुलैत मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात उतरला की लाकूड ओलावा ओढतं आणि रिलीफ बदलते, मग हिवाळ्यात पुण्या-नाशिकला परत उलटं, कधीकधी फळी आकसून फ्रेटची टोकं बाहेर येतात आणि हाताला टोचतात. म्हणून विकत घेतानाच नेकच्या कडेवरून बोट फिरवून बघायचं. रोस्टेड, म्हणजे भट्टीत तापवलेल्या, मेपलचा नेक ह्या बाबतीत कमी त्रास देतो, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यानं स्टेनलेस स्टीलचे फ्रेट घ्यावेत, घामानं हिरवे होत नाहीत आणि झिजतातही कमी. बास आल्यावर लगेच बॉक्स फोडू नका, केस खोलीत तसाच दिवसभर राहू द्या. मग आठवडाभर वाजवा, तेवढ्यात नेक इथल्या हवेला बसतो, त्यानंतरच सेटअप करा, रॉड एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका आणि प्रत्येक वेळी सूर परत लावून बघा. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास असला की काळजी नाही. आणि बासबरोबर आलेली ट्रस रॉड फिरवायची ॲलन की कोणाला देऊ नका, अमेरिकन बासना बहुतेकदा इंची मापाची लागते आणि ती नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळेलच ह्याचा भरवसा नाही.